पुढे धावायचे, चेंडू मागे द्यायचा

प्रश्न : २०२३ साली गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, त्यांत रग्बीही होती. तेव्हापासून माझा धाकटा भाऊ मोबाईलवर रग्बीचे सामने लावून बसतो. मीही शेजारी बसते, पण एक गोष्ट डोक्यात शिरत नाही. जायचे आहे पुढे, मग ही माणसे चेंडू सारखा मागे का टाकतात? आणि गुण नेमके कशाला मिळतात?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : तुम्ही या खेळाच्या मुळावरच बोट ठेवले आहे. रग्बीच्या नियमपुस्तकात २१ नियम आहेत आणि त्यांची पोटकलमे वाचताना जाणत्यांचीही दमछाक होते. नवख्या माणसाने ते पुस्तक उघडण्याची गरज नाही. एक नियम पक्का समजून घ्यावा. बाकीचे बहुतेक त्याच्याच पोटातून निघतात. तो नियम असा : चेंडू हाताने पुढे टाकायचा नाही.

पुढे न्यायचा असेल तर तो छातीशी धरून धावा, नाहीतर लाथेने पुढे उडवा. हाताने द्यायचा असेल तर अगदी बाजूच्याला द्या किंवा मागच्याला द्या. एवढ्या एका बंधनाने सगळे मैदान बदलून जाते. ज्याच्या हातात चेंडू आहे तो आपल्या संघात सर्वांत पुढे असतो आणि त्याच्यासमोर फक्त प्रतिस्पर्धी असतात. फुटबॉलमध्ये आपला स्ट्रायकर पुढे जाऊन मागून येणाऱ्या पासची वाट बघू शकतो. रग्बीत चेंडूच्या पुढे उभा असलेला खेळाडू काहीच करू शकत नाही. तो ऑफसाइड असतो. त्याने खेळात लुडबुड केली तर प्रतिस्पर्ध्याला पेनल्टी मिळते. म्हणून चेंडू पुढे सरकला की बाकीच्यांना मागून धावत येऊन त्याच्या आसपास पोहोचावे लागते, आणि पुन्हा पुन्हा पोहोचावे लागते. टीव्हीवर खेळाडू तिरक्या ओळीत, एकापेक्षा एक थोडे मागे धावताना दिसतात, त्याचे कारण हेच.

आता मागे दिलेल्या पासने पुढे कसे जाता येते ते पाहा. चेंडूवाला सरळ समोरच्या बचावपटूवर धावून जातो. बचावपटूला त्याला अडवावेच लागते. तो अंगावर येईपर्यंत चेंडूवाला थांबतो आणि अगदी शेवटच्या क्षणी चेंडू बाजूच्या साथीदाराकडे सोडतो. चेंडू हातभर मागे गेला, पण एक बचावपटू खेळातून गेला आणि साथीदारासमोर मोकळी वाट आली. आपण मार खायचा आणि वाट दुसऱ्याला करून द्यायची, हे रग्बीत प्रत्येक जण सामन्यात कितीतरी वेळा करतो. मला हा खेळ आवडतो तो याच क्षणासाठी. चांगला पास कोणता, हे पास देणाऱ्याच्या हातावर जेवढे ठरते त्याहून अधिक घेणाऱ्याच्या पायांवर ठरते. घेणारा दोन पावले मागे राहून वेगात आला तर पास आपोआप कायदेशीर होतो. तो उतावीळपणे बरोबरीने धावू लागला की चेंडू पुढे जातो आणि शिट्टी वाजते.

तुमचा भाऊ कदाचित एक हरकत घेईल. पास मागे दिला असे समालोचक म्हणतो, पण गवतावरच्या रेषा पाहिल्या तर चेंडू पुढेच गेलेला दिसतो! त्याचे निरीक्षण बरोबर आहे. कदंबच्या धावत्या बसमध्ये तुम्ही मागच्या सीटवरच्या मैत्रिणीकडे पाण्याची बाटली टाकली, तर तुमच्या दृष्टीने ती मागे गेली. रस्त्यावर उभ्या असलेल्याला मात्र ती बसबरोबर पुढे सरकताना दिसते. जोरात धावणाऱ्याच्या हातून सुटलेल्या चेंडूचे तेच होते. म्हणून रेफ्री चेंडू कुठे पडला ते पाहत नाही, पास देणाऱ्याचे हात कुठल्या दिशेला गेले ते पाहतो.

हातातून चेंडू निसटून पुढे पडला तर त्याला नॉक-ऑन म्हणतात. हा अपराध लहान असल्यामुळे शिक्षाही हलकी असते : तिथेच स्क्रम (त्याविषयी पुढे) लागतो आणि चेंडू आत सोडण्याचा मान दुसऱ्या संघाला मिळतो. मात्र चेंडू पडला तो प्रतिस्पर्ध्याच्याच पथ्यावर पडला, तर रेफ्री हात आडवा धरून खेळ चालू ठेवतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला आधी फायदा उठवू द्यायचा, तो मिळाला नाही तरच मागे यायचे. इतकी समंजस तरतूद मला फार थोड्या खेळांत दिसते.

आता गुणांचे. मैदान एका गोलरेषेपासून दुसरीपर्यंत जास्तीत जास्त १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद असते. गोलरेषेवर इंग्रजी एच अक्षरासारखे खांब असतात. दोन खांबांत ५.६ मीटर अंतर आणि आडवी दांडी जमिनीपासून ३ मीटर उंच. त्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीवर टेकवला की ट्राय झाला, त्याचे ५ गुण. नुसते रेषा ओलांडून चालत नाही, चेंडू हाताखाली जमिनीला लागलाच पाहिजे. शेवटच्या क्षणी बचावपटू चेंडूखाली हात किंवा अंग घालतात आणि ट्राय हुकतो, ते यामुळेच. ट्रायनंतर चेंडू लाथेने दांडीच्या वरून, दोन खांबांच्या मधून घालवला की आणखी २ गुण मिळतात. ही लाथ मात्र ट्राय जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेत मागे येऊन मारायची असते. ट्राय कोपऱ्यात झाला तर लाथही कडेवरून, अवघड कोनातून. म्हणून रेषा ओलांडलेला खेळाडू मोकळा असेल तर सरळ खाली न झोपता वळून खांबांमागे धावतो.

पेनल्टीची लाथ यशस्वी झाली तर ३ गुण. खेळ चालू असताना चेंडू जमिनीवर टाकून, तो उसळताक्षणी खांबांमधून मारला तरीही ३ गुण. खेळाच्या सुरुवातीच्या काळात चेंडू रेषेपार टेकवण्याला स्वतःचे गुणच नव्हते, त्याने फक्त गोलकडे लाथ मारायची संधी मिळत असे. पुढे ट्रायची किंमत वाढत वाढत १९७१ मध्ये ४ आणि १९९२ मध्ये ५ झाली. धावून केलेल्या चढाईला लाथेपेक्षा जास्त मोल असावे, हा विचार त्यामागे आहे.


प्रश्न : एक जण पडला की आठ-दहा जण त्याच्यावर कोसळतात. मग रेफ्री शिट्टी मारून कुणाला तरी शिक्षा देतो. त्या ढिगाऱ्यात त्याला काय दिसते, हे आम्हां मित्रांना अजून कळलेले नाही.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, सांखळी

उत्तर : ढिगारा दिसतो, पण त्यात कडक शिस्त असते. क्रम लक्षात ठेवलात तर पुढच्या सामन्यात तुम्ही रेफ्रीच्या आधी बोलाल.

चेंडूवाल्याला टॅकल करून खाली आणले. आता तिघांवर तीन बंधने येतात. खाली पडलेल्याने चेंडू लगेच सोडायचा. तो साथीदारांच्या बाजूला लांब करून ठेवायची मुभा आहे, कवटाळून बसायची नाही. ज्याने पाडले त्याने पकड सोडून बाजूला व्हायचे. मागून येणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या पायांवर उभे राहायचे आणि आपल्या बाजूने, थेट मागून यायचे. कडेने घुसायचे नाही. जमिनीवर पडलेला माणूस खेळाबाहेर, हे सूत्र मनात धरा. बऱ्याच पेनल्टी यातल्याच कुठल्या तरी बंधनाच्या मोडतोडीतून येतात.

चेंडू जमिनीवर आणि त्याच्यावर दोन्ही संघांचा निदान एकेक खेळाडू उभ्याने एकमेकांना भिडला की रक झाला. रकमध्ये हात वापरायचा नाही. समोरच्याला ढकलून मागे सारायचे आणि चेंडू पायाने मागे घ्यायचा. त्याच वेळी दोन्ही संघांच्या मागच्या पायांपाशी एकेक अदृश्य रेषा तयार होते. बाकीच्यांनी तिच्या मागे थांबायचे. चेंडू बाहेर येण्याआधी एखादा बचावपटू त्या रेषेपुढे आला की ऑफसाइड. रेफ्रीची नजर चेंडूइतकीच या रेषेवर असते आणि टीव्हीचा कॅमेरा मात्र चेंडूवर असतो. तुम्हांला शिट्टी विनाकारण वाटते ती बहुधा यामुळे.

चेंडूवाला पडलाच नाही, उभ्या उभ्याच दोन्ही संघांच्या माणसांनी त्याला वेढले, तर तो मॉल. तो पाडायचा नसतो, ढकलत न्यायचा असतो.

स्क्रमविषयी थोडे जास्त लिहितो, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तो नुसता धसमुसळेपणा वाटतो. प्रत्येक संघाचे आठ जण तीन फळ्यांत एकमेकांना घट्ट धरून वाकतात : पुढे तीन, मागे खांदे देणारे दोन उंच गडी, त्यांच्या कडेला दोन आणि सर्वांत मागे आठ क्रमांकाचा. रेफ्री तीन हुकूम देतो; पहिल्यावर वाकायचे, दुसऱ्यावर समोरच्याला पकडायचे, तिसऱ्यावर भिडायचे. नऊ क्रमांकाचा चपळ खेळाडू मधल्या बोगद्यात चेंडू सोडतो आणि दोन क्रमांकाचा, ज्याला हूकर म्हणतात, तो टाचेने मागे खेचतो. पुढच्या तिघांच्या मानेवर आणि पाठीवर प्रचंड भार येतो. म्हणून या तीन जागांवर प्रशिक्षण न घेतलेल्या माणसाला उभे करता येत नाही. तसे खेळाडू नसतील तर रेफ्री न ढकलता स्क्रम लावतो. एकोणीस वर्षांखालील मुलांना तर दीड मीटरपेक्षा जास्त ढकलू देत नाहीत. स्क्रममुळे एका जागी सोळा माणसे अडकतात आणि उरलेले मैदान अचानक मोकळे होते. दहा क्रमांकाचा खेळाडू त्याच मोकळ्या जागेची वाट पाहत असतो.

चेंडू कडेच्या रेषेबाहेर गेला की लाइनआउट. दोन रांगा, मध्ये एक मीटरची वाट, हूकर चेंडू सरळ त्या वाटेत फेकतो आणि साथीदार उडी मारणाऱ्याला वर उचलून धरतात. इथे एक बारकावा आहे, त्याने बरीच कोडी सुटतील. स्वतःच्या २२ मीटरच्या पट्ट्यातून लाथ मारून चेंडू टप्पा न पडता बाहेर घालवला, तर तो बाहेर गेला तिथेच लाइनआउट मिळतो. त्या पट्ट्याच्या पुढून तसाच मारला तर लाइनआउट मागे येतो, जिथून लाथ मारली त्या रेषेत. संकटात सापडलेल्याला थोडी सूट, बाकीच्यांना नाही. पेनल्टी मिळालेल्या संघाला मात्र चेंडू कुठूनही बाहेर मारता येतो आणि वर लाइनआउटला फेकही त्याचीच असते.

रेफ्रीच्या खुणांपैकी सध्या दोन पुरेत. हात सरळ आकाशाकडे म्हणजे ट्राय. हात एका संघाच्या दिशेने तिरका वर म्हणजे त्या संघाला पेनल्टी.


प्रश्न : आमच्या शाळेत मुले कबड्डी चांगली खेळतात. त्यांना रग्बी शिकवावी असे मनात आहे, पण पालक म्हणतात हाडे मोडतील. आमचे मैदानही लाल मुरुमाचे आहे. सुरुवात कशी करावी?
— शारीरिक शिक्षण शिक्षक, डिचोली तालुका

उत्तर : सर, तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला. पालकांची भीती खरी आहे आणि तुमच्या मुलांची तयारीही खरी आहे. दोन्हींचा विचार करू.

कबड्डीच्या मुलाला शरीराला शरीर भिडण्याची भीती नसते. वाकलेला पवित्रा, नजर समोरच्याच्या कमरेवर, हुलीला न फसणे, योग्य क्षणी झेप, मांडीला विळखा घालून पट काढणे : टॅकलचा मोठा भाग त्याच्या अंगात आधीच मुरलेला असतो. चढाईपटू पकडला गेल्यावरही अंग ताणून मधल्या रेषेला हात लावायला बघतो, ती जिद्द ट्राय टेकवताना तशीच्या तशी उपयोगी पडते. शहरातल्या मुलांना जे महिनोन्‌महिने शिकवावे लागते ते पेडणे-डिचोलीच्या मुलांकडे आहे, असे मी छातीठोकपणे म्हणेन.

पण कबड्डीच्या चार सवयी मोडाव्या लागतील आणि त्या मोडल्याशिवाय टॅकल शिकवू नका.

पहिली सवय डॅशची. मर्यादा रेषेजवळ आलेल्या चढाईपटूला खांद्याने धडक देऊन बाहेर ढकलणे कबड्डीत चालते आणि त्याला टाळ्याही पडतात. रग्बीत हातांचा विळखा न घालता नुसती धडक दिली तर ती पेनल्टी, जोरात असेल तर कार्ड. पिवळ्या कार्डाला पंधरा जणांच्या खेळात दहा मिनिटे बाहेर बसावे लागते. दुसरी सवय धरून ठेवण्याची, आणि मोडायला हीच सर्वांत अवघड. कबड्डीत पकड सुटली की गुण गेला, म्हणून मुलगा जीव गेला तरी सोडत नाही. रग्बीत पाडल्याक्षणी सोडायचे असते. पाडा, सोडा, उठा, मगच चेंडूला हात घाला; हे चार शब्द मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. तिसरी सवय उचलण्याची. चढाईपटूला उचलून मागे टाकणे कबड्डीत डोळ्यांत भरते. रग्बीत समोरच्याचे पाय वर करून त्याला डोक्यावर किंवा मानेवर पाडणे हा गंभीर गुन्हा आहे आणि त्याला लाल कार्ड निघू शकते.

चौथी गोष्ट उंचीची. टॅकल खांद्याच्या रेषेच्या खालीच हवा. अनेक देशांनी शालेय आणि हौशी खेळात ही मर्यादा आणखी खाली, छातीच्या हाडाच्या तळापर्यंत आणली आहे. तुम्ही तर पहिल्या दिवसापासून कमरेखालीच शिकवा. आणि टॅकल करणाऱ्याचे स्वतःचे डोके कुठे आहे याकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. ते समोरच्याच्या धावण्याच्या वाटेत कधीच नको. डोके त्याच्या अंगाच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या पाठीमागे टेकलेला, खांदा मांडीला, दोन्ही हात घट्ट. मोठ्या दुखापती पडणाऱ्यापेक्षा चुकीच्या बाजूला डोके घालणाऱ्याला होताना दिसतात.

एक फरक पालकांनाही स्पष्ट सांगा. कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटरचे. तिथे कुणी तीस मीटर धावत येऊन आदळत नाही. रग्बीत येतो. म्हणून कबड्डीतली हिंमत पुरते, पण वेगाचा अंदाज नव्याने शिकावा लागतो : आधी दोघेही गुडघ्यांवर बसून, मग एक जण चालत, मग हळू धावत. घाई करणारा प्रशिक्षक मला मान्य नाही. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी मुलाला बाहेर काढा, त्या दिवशी परत आत घेऊ नका, आणि डॉक्टरांकडे पाठवा. मूल स्वतः ‘मी ठीक आहे’ म्हणत असले तरी.

आता मैदान. जांभ्या मुरुमावर टॅकल शिकवू नये, याबाबत माझ्याकडे दुसरे मत नाही. गुडघे, कोपरे सोलवटतात, आणि पडायची भीती एकदा मनात बसली की मूल उभ्याने, उंच टॅकल करू लागते. त्यातूनच मोठा अपघात होतो. कापणी झालेल्या शेतातही तेच. भेगा आणि धसकटे. मुंबई आणि कोलकात्यात रग्बीचा हंगाम पावसाळ्यातच धरतात, कारण तेव्हा जमीन मऊ असते. आपल्याकडे जूननंतर मैदाने हिरवी होतात आणि फुटबॉल-क्रिकेटला बहुतेक ठिकाणी आराम मिळतो. ते चार महिने तुमचे समजा. चिखल फार झाला तर चेंडू निसटतो आणि नॉक-ऑन वाढतात, पण शिकणाऱ्यांना त्याने काही बिघडत नाही.

कोरड्या महिन्यांत मुरुमावर टच रग्बी खेळा. टॅकल नाही, दोन्ही हात लावले की स्पर्श मोजायचा, सहा स्पर्शांत ट्राय झाला नाही तर चेंडू दुसऱ्या संघाला. किंवा कमरेला दोन्ही बाजूंना कापडी पट्ट्या खोचायच्या आणि त्यातली एक ओढली म्हणजे टॅकल झाला असे मानायचे. मागे पास देणे, मागून धावत येणे, ओळ राखणे हे रग्बीचे खरे व्याकरण यात पूर्ण येते. पेडण्याच्या शाळांना तर किनारा आहे. मोरजी, मांद्रे, हरमलला ओहोटीच्या वेळी ओली घट्ट वाळू मिळते, तिच्यावर टच रग्बी झकास होते. मोरजीला आणि मांद्र्याला कासवे अंडी घालतात. तो हंगाम असेल तेव्हा कुंपण घातलेल्या पट्ट्यापासून दूर खेळा, आणि मुलांना तेही दाखवा.

चेंडू मिळेपर्यंत थांबू नका म्हणायला मला आवडले असते, पण इथे ते खरे नाही. रग्बीचा चेंडू लंबगोल, सुमारे ३० सेंटीमीटर लांब आणि जेमतेम ४५० ग्रॅमचा असतो. त्याची पकड आणि त्याची वेडीवाकडी उसळी गोल चेंडूवर शिकता येत नाही. मुलांसाठी लहान मापाचे चेंडू मिळतात. चार-पाच घेतले की वर्ग सुरू होतो. दोन्ही हातांनी धरायचा, बोटे पसरलेली, छाती पुढे ठेवून हात आडवे फिरवायचे. चार मुले तिरक्या ओळीत धावत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चेंडू नेऊ लागली, की पहिला टप्पा पार झाला समजा.


प्रश्न : टीव्हीवर कधी सात जण असतात, कधी पंधरा. आणि रग्बी ‘युनियन’ म्हणजे काय?
— एक वाचक, मये

उत्तर : दोन्ही युनियनच. पंधरा जणांचा सामना ८० मिनिटांचा, सात जणांचा १४ मिनिटांचा. मैदान मात्र तेवढेच! म्हणून सातांच्या खेळात स्क्रम तिघा-तिघांचा असतो, जागा मोकळी आणि वेग जबरदस्त. हा प्रकार १८८३ मध्ये स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावात जन्मला आणि २०१६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. त्या वर्षी पुरुषांचे सुवर्ण फिजीने नेले, त्या देशाचे ते पहिलेच ऑलिम्पिक पदक. गोव्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेतही सातांचीच रग्बी होती. नवख्या प्रेक्षकाने सातांपासूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे. ढिगारे कमी, धावणे जास्त, नियम उघड्यावर दिसतात.

इंग्लंडमध्ये १८७१ साली रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली. खेळासाठी कामावरची रोजी बुडणाऱ्या उत्तरेकडच्या कामगारांना भरपाई द्यावी की नाही, यावर १८९५ मध्ये फूट पडली. वेगळे झालेल्यांचा खेळ पुढे रग्बी लीग झाला; त्यात तेरा जण आणि सहा टॅकलनंतर चेंडू दुसऱ्याला. युनियनने १९९५ पर्यंत खेळाडूंना पैसे द्यायला अधिकृत परवानगी दिली नव्हती. कामगारांच्या बाजूने पाहिले तर फूट पाडणाऱ्यांचेच म्हणणे रास्त होते, असे मला वाटते.


प्रश्न : हा खेळ आपल्याकडे कधीच नव्हता का? गोव्यात फुटबॉल आला, मग रग्बी का नाही?
— निवृत्त शिक्षक, पेडणे

उत्तर : भारतात तो फार लवकर आला. १८७२ च्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यात ब्रिटिशांनी सामना खेळला आणि पुढच्याच महिन्यात कलकत्ता फुटबॉल क्लब उभा राहिला. हवामान मानवेना, सभासद पोलो आणि टेनिसकडे वळले, आणि काही वर्षांतच क्लब बंद करायची वेळ आली. तेव्हा त्यांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली आणि ते २७० रुपये वितळवून एक चषक घडवला. त्याला तीन नागांचे कान आणि झाकणावर हत्ती आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून ज्या कलकत्ता कपसाठी खेळतात तो हाच. मुंबईत १८७५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याने पुढे हा खेळ जपला. भारताच्या संघातून खेळलेले अभिनेते राहुल बोस नंतर राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला सहा संघांची पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली, ती चेन्नई बुल्सने जिंकली.

गोव्याचे उत्तर राज्यकर्त्यांत आणि शाळांत शोधावे लागते. रग्बी पसरली ती ब्रिटिश पलटणी आणि ब्रिटिश कंपन्यांच्या क्लबांबरोबर. पेडणे, डिचोली हा भाग अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेला होता, आणि पोर्तुगाल तेव्हा रग्बीचा देश नव्हता. फुटबॉल मात्र १८८३ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी शिवोलीला आणला असे मानतात. शिवोली म्हणजे तुमच्या चोपड्याच्या समोर, शापोरा नदीपलीकडे. चर्चच्या शाळा आणि गावांचे संघ यांतून तो रुजला. रग्बीला असा कुणी मिळाला नाही, एवढेच. खुद्द पोर्तुगालचा संघ २००७ मध्ये पहिल्यांदा विश्वचषकात उतरला. ८ ऑक्टोबर २०२३ रोजी तुलूझमध्ये त्याने फिजीला २४–२३ असे हरवून विश्वचषकातला आपला पहिला विजय मिळवला. कुठला खेळ कुठे रुजेल हे कायमचे ठरलेले नसते, याचा हा ताजा पुरावा.


प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, धावण्यात पहिली येते. रग्बी खेळू का विचारते. मुलींना हा खेळ झेपतो का?
— एक आई, कोरगाव

उत्तर : झेपतो. नियम तेच, मैदान तेच, टॅकलही तोच. भारताच्या महिलांनी पंधरा जणींच्या खेळातला पहिला आंतरराष्ट्रीय विजय जून २०१९ मध्ये मनिलात मिळवला, सिंगापूरविरुद्ध २१–१९. त्या संघाची कर्णधार वाहबीज भरुचा पुण्याची. ओडिशातल्या आदिवासी गावांतून आलेल्या मुलींनी तर राष्ट्रीय संघाचा कणा सांभाळला आहे. वेगवान मुलीला या खेळात कडेची, ११ किंवा १४ क्रमांकाची जागा वाट बघत असते.

तिला दातांसाठी माउथगार्ड आणि खिळ्यांचे बूट घेऊन द्या. आणि जिथे पाठवाल तिथल्या प्रशिक्षकांना आधी एवढेच विचारा : टॅकल शिकवायचे प्रशिक्षण तुम्ही घेतले आहे का? नाही म्हणाले, तर तोवर तिला टच रग्बीच खेळू द्या.